गोटूचा खडा आणि नाखव्याचा चहा

ऐकताय ना? मग पाय पोटाशी घ्या. आपण थंडीत जाणार आहोत.

लांब, लांब, खूप लांब एक बेट आहे. तिथे वारा वाहतो. सूऽऽ सूऽऽ. तिथे झाड नाही, पान नाही. नुसते खडेच खडे. आणि खड्यांत पेंग्विनच पेंग्विन.

काही पेंग्विन पिवळ्या भुवयांचे. ते चालत नाहीत, उड्याच मारतात. टुणुक टुणुक.

काही पेंग्विन हनुवटीखाली काळी दोरी बांधल्यासारखे. ते सारखे भांडतात. कर्र कर्र.

आणि काही पेंग्विन नारिंगी चोचीचे, डोक्यावर पांढऱ्या पट्टीचे. ते डुलत डुलत चालतात. डुलूक डुलूक.

आपला गोटू या डुलणाऱ्यांतला. केवढा? एवढासा. तुमच्या गुडघ्याएवढा.

गोटूचं घर खड्यांचं. गोल गोल घर. घरात अंडं. अंड्यावर आई. आई उठत नाही. आई उठली, तर अंडं गार पडेल. म्हणून आई बसून राहते आणि बाबा मासे आणतात.

पण बाबा अजून आले नव्हते. आधी बाबा जायचे आणि लगेच यायचे. आता जवळ मासेच उरले नव्हते. जवळचे सगळे मासे एक मोठी बोट घेऊन जायची. म्हणून बाबा लांब गेले होते. फार लांब.

आईच्या पोटात आवाज आला. गुर्रर्र.

गोटू म्हणाला, "आई, काय झालं?"

"काही नाही रे. पोट बोलतंय."

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, ऊठ आणि मासा आण. पण मी कशी उठू?"

गोटू म्हणाला, "तू बस. मी आणतो."

गोटूनं कधी मासा पकडला नव्हता. तरी तो निघाला. डुलूक डुलूक, डुलूक डुलूक, बुडुक.

पाण्यात एक मासोळी होती. चकचकीत. ती इकडे गेली, गोटू इकडे गेला. ती तिकडे गेली, गोटू तिकडे गेला. मग गोटूनं चोच उघडली. गप्. शेपटीला धरून पकडली. गोटूची पहिलीवहिली मासोळी.

इतक्यात पाण्यातून काहीतरी आलं. मोठ्ठं. भोकाभोकांचं. सर्रर्र. ते होतं बोटीचं जाळं. जाळ्यानं मासोळी ओढून नेली. गोटूच्या चोचीत उरलं नुसतं पाणी. तेही खारट.

गोटू घरी आला. मान खाली. डुलूक... डुलूक...

त्यानं आईला सगळं सांगितलं. आई रागावली नाही. ती म्हणाली, "जाळ्याकडे जा आणि माग. पण रिकाम्या चोचीनं मागायला जाऊ नये."

खड्यांच्या गावात तशी रीतच आहे. कुणाकडे जायचं, तर आधी एक खडा ठेवायचा. टक्. मग बोलायचं.

आईनं घरातला सगळ्यात चांगला खडा काढला. काळा, गुळगुळीत, मधे पांढरी रेघ. खडा निघाला, तिथे घराला भोक पडलं. भोकातून वारा आला. सूऽऽ. आईनं भोकाला पाठ लावली.

"लवकर ये हं," आई म्हणाली.

गोटूनं चोचीत खडा धरला. गेला जाळ्याकडे. डुलूक डुलूक, बुडुक.

जाळं पाण्यात फुगून बसलं होतं. त्याच्यावर एक बोया तरंगत होता. बोया म्हणजे हवा भरलेला गोळा. गोटूनं बोयावर खडा ठेवला. टक्.

"जाळ्या, जाळ्या, ऐक ना.
जाळं उघडलं, तर मासोळी सुटेल.
मासोळी सुटली, तर आई जेवेल.
आई जेवली, तर अंडं उबेत राहील."

जाळं म्हणालं, "खडा? खडा मला नको. मी नाही उघडत. दोरानं मला आवळून धरलंय. दोर ढिला झाला, तर मी उघडेन."

गोटूनं खडा उचलला. गेला दोराकडे.

दोर जाडजूड होता. ओला होता. करकर करकर वाजत होता. गोटूनं त्याच्या गाठीवर खडा ठेवला. टक्.

"दोरा, दोरा, ऐक ना.
दोर ढिला झाला, तर जाळं उघडेल.
जाळं उघडलं, तर मासोळी सुटेल.
मासोळी सुटली, तर आई जेवेल.
आई जेवली, तर अंडं उबेत राहील."

दोर म्हणाला, "खडा? खडा मला नको. मी नाही ढिला होत. वर बोटीवर चाक आहे. ते मला ओढतंय. चाक थांबलं, तर मी ढिला होईन. जायचंय का त्याच्याकडे? मग बस माझ्यावर. मी वरच चाललोय."

गोटूनं खडा उचलला. गाठीवर बसला. दोर वर निघाला. करकर करकर, वर वर वर. खाली बघायचं नाही, असं गोटूनं ठरवलं. आणि खाली बघितलं. तुम्हीही तेच केलं असतं.

धप्. गोटू बोटीवर आला.

चाक गरागरा फिरत होतं. गर्रर्र गर्रर्र. गोटूनं चाकापुढे खडा ठेवला. टक्.

"चाका, चाका, ऐक ना.
चाक थांबलं, तर दोर ढिला होईल.
दोर ढिला झाला, तर जाळं उघडेल.
जाळं उघडलं, तर मासोळी सुटेल.
मासोळी सुटली, तर आई जेवेल.
आई जेवली, तर अंडं उबेत राहील."

चाक म्हणालं, "खडा? खडा मला नको. मी नाही थांबत. खाली इंजिन आहे. ते मला फिरवतंय. मला तर गरगरतंय रे. इंजिन झोपलं, तर मी थांबेन."

गोटूनं खडा उचलला. गेला इंजिनाकडे. पायऱ्या उतरून खाली. धप् धप् धप् धप्.

खाली बोटीचं पोट होतं. काळोख होता आणि गरम होतं. गोटूला गरम म्हणजे काय, ते माहीतच नव्हतं. त्याला वाटलं, आपल्याला ताप आला.

इंजिन धडधडत होतं. धडधड धडधड, धडधड धडधड. गोटूनं खडा ठेवला. टक्. पण टक् कुणाला ऐकू येणार? म्हणून गोटू मोठ्यानं बोलला. तुम्हीही मोठ्यानं बोला.

"इंजिना, इंजिना, ऐक ना.
इंजिन झोपलं, तर चाक थांबेल.
चाक थांबलं, तर दोर ढिला होईल.
दोर ढिला झाला, तर जाळं उघडेल.
जाळं उघडलं, तर मासोळी सुटेल.
मासोळी सुटली, तर आई जेवेल.
आई जेवली, तर अंडं उबेत राहील."

इंजिन म्हणालं, "खडा? खडा मला नको. मी नाही झोपत. झोप तर मला हवीय रे. पण नाखवा झोपू देत नाही. तो सकाळपासून तोंड फुगवून बसलाय. नाखवा हसला, तर मी झोपेन."

गोटूनं खडा उचलला. गेला नाखव्याकडे. पायऱ्या चढून वर, अगदी वर. टुणुक... धप्. टुणुक... धप्. उतरणं सोपं असतं. चढताना पाय पुरत नाहीत.

नाखवा म्हणजे बोटीचा मालक. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, सगळं नाखवा सांगतो. या नाखव्याचं नाव हसाजी. नाव हसाजी, पण कपाळावर आठ्याच आठ्या. त्याचं घर आपल्याकडचं, समुद्राकाठचं. मासे शोधत शोधत तो इतका लांब आला होता.

गोटूनं त्याच्या चपलेपाशी खडा ठेवला. टक्. आठ्या बघून तो जरा घाबरला. म्हणून हळू बोलला. आपणही हळू बोलू.

"नाखवाकाका, नाखवाकाका, ऐका ना.
नाखवा हसला, तर इंजिन झोपेल.
इंजिन झोपलं, तर चाक थांबेल.
चाक थांबलं, तर दोर ढिला होईल.
दोर ढिला झाला, तर जाळं उघडेल.
जाळं उघडलं, तर मासोळी सुटेल.
मासोळी सुटली, तर आई जेवेल.
आई जेवली, तर अंडं उबेत राहील."

नाखवा म्हणाला, "खडा? खडा मला नको. मी नाय हसत. सकाळपासून चहा नाय मिळाला मला. कपात येतो आन सांडून जातो. जा, आमच्या भंडाऱ्याला विचार. चहा टिकला, तर मी हसेन."

गोटूनं खडा उचलला. गेला भंडाऱ्याकडे. डुलूक डुलूक.

बोटीवर जो स्वयंपाक करतो, त्याला भंडारी म्हणतात. या भंडाऱ्याचं नाव जनबा. जनबाच्या सदऱ्यावर चहा. जनबाच्या चड्डीवर चहा. जनबाच्या मिशीवरसुद्धा चहा. गोटूनं त्याच्यापुढे खडा ठेवला. टक्.

"भंडारीकाका, भंडारीकाका, ऐका ना.
चहा टिकला, तर नाखवा हसेल.
नाखवा हसला, तर इंजिन झोपेल.
इंजिन झोपलं, तर चाक थांबेल.
चाक थांबलं, तर दोर ढिला होईल.
दोर ढिला झाला, तर जाळं उघडेल.
जाळं उघडलं, तर मासोळी सुटेल.
मासोळी सुटली, तर आई जेवेल.
आई जेवली, तर अंडं उबेत राहील."

जनबा म्हणाला, "खडा? खडा मला नको. चहा नाय टिकत रे बाला. हे टेबल बघ. डुगडुगतंय. मी पायाखाली पाव ठेवला. तो पाखरानं नेला. मी बटाटा ठेवला. त्याचं भरीत झालं. टेबल डुगडुगलं नाही, तर चहा टिकेल."

गोटूनं खडा उचलला. गेला टेबलाकडे.

टेबल कोपऱ्यात उभं होतं. डुगडुग डुगडुग. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. गोटूनं टेबलाच्या पायाशी खडा ठेवला. टक्. आता गोटू दमला होता. पण एक ओळ त्यानं गाळली नाही.

"टेबला, टेबला, ऐक ना.
टेबल डुगडुगलं नाही, तर चहा टिकेल.
चहा टिकला, तर नाखवा हसेल.
नाखवा हसला, तर इंजिन झोपेल.
इंजिन झोपलं, तर चाक थांबेल.
चाक थांबलं, तर दोर ढिला होईल.
दोर ढिला झाला, तर जाळं उघडेल.
जाळं उघडलं, तर मासोळी सुटेल.
मासोळी सुटली, तर आई जेवेल.
आई जेवली, तर अंडं उबेत राहील."

टेबल म्हणालं, "खडा?"

काय म्हणेल आता टेबल? नको म्हणेल? थांबा जरा.

टेबल म्हणालं, "खडा? खडा मला हवा. माझा एक पाय आखूड आहे रे. त्याच्याखाली काहीतरी घट्ट हवं. पण समुद्रात खडा कुठून आणायचा? चहूकडे नुसतं पाणी. दे ना मला तुझा खडा."

गोटूनं खड्याकडे बघितलं. काळा, गुळगुळीत, मधे पांढरी रेघ. आईचा सगळ्यात चांगला खडा. आतापर्यंत सगळ्यांनी नको म्हटलं आणि गोटूनं तो परत उचलला. हा आता परत मिळणार नव्हता. मग घराचं भोक कशानं बुजवायचं?

गोटूला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

पण त्याला आईच्या पोटातला आवाज आठवला. गुर्रर्र.

गोटूनं चोचीनं खडा ढकलला. ढुश्. अजून थोडा. ढुश्. खडा आखूड पायाखाली जाऊन बसला. घट्ट.

टेबल डुगडुगलं नाही.

जनबानं कपात चहा ओतला. सांडतोय की काय, म्हणून डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडला. चहा टिकला.

जनबानं कप नाखव्याकडे नेला. गोटू मागे मागे गेला. नाखव्यानं चहाचा घोट घेतला. फुर्रर्र. अजून एक घोट. फुर्रर्र. आठ्या जरा कमी झाल्या. डोळे नीट उघडले. मग त्यानं खिडकीतून बेटाकडे बघितलं. रोज समोर होतं ते बेट. पण चहाशिवाय बघितलं काय आणि न बघितलं काय.

नाखवा म्हणाला, "काय रं, तुझे लोक तिथं असे बसून का राहिलेत?"

गोटू म्हणाला, "अंड्यांवर बसलेत."

"आन समुद्राकडं काय बघतायत?"

"मासोळीची वाट बघतायत. भूक लागलीय त्यांना."

"मग इथं मासे नायत का?"

"होते," गोटू म्हणाला. "ते तुमच्या जाळ्यात आहेत."

नाखव्यानं कप खाली ठेवला. 

मग म्हणाला, "जनबा, पावसात आपल्या गावच्या होड्या कुठं असतात?"

जनबा म्हणाला, "किनाऱ्यावर. वर ओढून ठेवलेल्या."

"का रं?"

"मासे अंडी घालतात तवा जाळं टाकायचं नाय. नारळी पुनव झाली की मग टाकायचं. तुमच्या आयनंच शिकवलं की मला."

"तेच तर," नाखवा म्हणाला. "होडीची बोट झाली आन मी आयचं बोलणं इसरलो. अंडं माशाचं काय आन पेंग्विनचं काय. अंडं ते अंडं."

आणि एवढ्याशा पेंग्विननं आपल्याला शिकवलं, याचं त्याला हसू आलं. आधी मिशीत आलं. मग पोटात आलं. हो हो हो हो.

नाखवा हसला.
इंजिन झोपलं. घुर्रर्र.
चाक थांबलं. हुश्श.
दोर ढिला झाला. लटक.
जाळं उघडलं. सर्रर्र.
मासोळी सुटली. सुळ्ळ.

आणि तिच्यामागून दुसरी सुटली. दुसरीमागून तिसरी सुटली. मग सगळ्याच सुटल्या. चकचक चकचक, समुद्रभर चकचक.

गोटूनं बोटीवरून उडी मारली. बुडुक. त्याची मासोळी कुठली, हे त्याला कसं कळलं? तिच्या शेपटीवर त्याच्याच चोचीची खूण होती. गोटूनं चोच उघडली. गप्.

नाखव्यानं जाळं वर घेतलं आणि दोरीवर वाळत घातलं. "बेटावर अंडी आन पिल्लं आहेत तोवर आपण इथं यायचं नाय," तो म्हणाला. मग त्यानं इंजिनाला उठवलं. जरासं झोपलं होतं बिचारं. बोटीनं भोंगा वाजवला. भोंऽऽ. आणि बोट लांब गेली.

गोटू घरी आला. आता मान वर. डुलूक डुलूक, डुलूक डुलूक.

मासोळी मिळाली. आई जेवली. पोट बोलायचं थांबलं.

पण घराच्या भोकातून वारा येत होता. सूऽऽ सूऽऽ.

आई म्हणाली, "खडा कुठे रे?"

गोटू म्हणाला, "टेबलाच्या पायाखाली."

"टेबल म्हणजे काय?"

"चार पायांचा एक प्राणी असतो. त्याचा एक पाय आखूड होता. तो सारखा थरथरत होता."

"अगं बाई," आई म्हणाली. "मग बरं केलंस."

गोटूनं भोकाकडे बघितलं. स्वतःकडे बघितलं. मग तो वळला, आणि मागे मागे सरकत भोकात जाऊन बसला. बरोब्बर मावला.

वारा आला. गोटूच्या पाठीवर आपटला. सूऽऽ. आणि परत गेला.

अंडं उबेत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. चोच भरून आले. परत गेले आणि जेवायच्या वेळेला पुन्हा आले. आता लांब जायला लागत नव्हतं. पिवळ्या भुवयांचे पेंग्विन जेवून उड्या मारायला लागले. टुणुक टुणुक. काळ्या दोरीचे पेंग्विन जेवून भांडायला लागले. कर्र कर्र. त्यांचं भांडण काही भुकेमुळे नव्हतं. त्यांना ते आवडतंच.

मग एका सकाळी आवाज आला. टक्.

आई म्हणाली, "कोण आलं? खडा कुणी ठेवला?"

बाहेर कुणीच नव्हतं.

टक्. टक्.

आवाज आईच्या खालून येत होता. आई जरा उठली. अंड्याला भेग पडली होती. भेगेतून एक चोच बाहेर आली. इवलीशी. शेवटी तेही खड्यांच्या गावचंच बाळ. आधी टक् केलं, मग बोललं.

"चीं."

गोटू म्हणाला, "आई, काय म्हणतंय?"

"भूक लागली म्हणतंय."

"तू बस," गोटू म्हणाला. "मी आणतो."

तिकडे बोटीवर टेबल उभं आहे. डुगडुगत नाही. नाखवा रोज चहा पितो. फुर्रर्र. एक थेंब सांडत नाही.

मासोळी गोटूला, चहा नाखव्याला, खडा टेबलाला. आणि तुमच्या पेल्यात दूध राहिलंय, ते कुणाला?